दुसऱ्याचं दुसऱ्या फॉर्मवर

डोळ्यांत थेंब घातले की तासभर नीट दिसणार नाही, असं नर्स म्हणाली तेव्हा मी तिला म्हटलं, बाई, गेलं वर्षभर नीट दिसत नाही म्हणूनच तर आलोय. ती हसली नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात कुणी हसत नाही. सगळे मान मागे टाकून, तोंड अर्धवट उघडं ठेवून छताकडे बघत बसलेले असतात, आणि छतावर बघण्यासारखं काही नसतं. मीही बघत होतो. ट्यूबलाईट एकच आहे हे मला आत येतानाच दिसलं होतं, पण आता तिच्या दोन झाल्या होत्या, एक जरा वर, एक जरा खाली, आणि खालची पसरून तांबूस झाली होती. हे मला अजिबात आवडलं नाही. मी डोळे मिटले, तर मिटल्या डोळ्यांतही त्या दोन तशाच राहिल्या. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. तो काढून बायकोकडे दिला, म्हटलं, बघ गं कोण आहे. तिनं तो हातभर लांब धरला असणार, कारण उत्तर यायला वेळ लागला. "टाकी," ती म्हणाली. "नुसतं टाकी असं लिहिलंय. ही आणि कोण टाकी?"

ते नाव मीच घातलं होतं, आठ वर्षांपूर्वी. त्यानंतर दोन फोन बदलले, पण यादीबरोबर ते गुपचूप नव्या फोनात येत राहिलं. मी तो नंबर कधी लावला नाही आणि पुसलाही नाही. "लिहिणारे साहेब का?" पलीकडून बाईचा आवाज आला, मागे पाण्याचा घोगरा आवाज. "मी पाण्याच्या टाकीवरची. ओळखलंत ना?" ओळखलं, मी म्हटलं. "येत्या गुरुवारी आठ वर्षं होतात. मोठे साहेब म्हणाले होते, आठ वर्षांनी याच तारखेला शुक्र याच जागी येईल, तेव्हा बघा म्हणजे पटेल. मी तारीख लिहून ठेवली होती. आभाळ यंदा मोकळं आहे. म्हटलं त्यांना बोलवावं, पण त्यांचा फोन लागत नाही." मोठे साहेब मागच्या वर्षी वारले, मी म्हटलं. "मग तुम्ही या," ती म्हणाली. "महिनाअखेरीला मी रिटायर होतेय. नंतर या टाकीवर कोण येईल कुणास ठाऊक. एकदा काय ते बघून टाकू." हे सगळं ती इतक्या साधेपणानं बोलली की मी येतो म्हणून बसलो, आणि फोन ठेवल्यावर माझे हात गार पडलेत हे बायकोच्या लक्षात आलं. तिनं माझा हात तिच्या पिशवीखाली ओढून घेतला, जसं काही कुणी बघेल.

घरी येईपर्यंत मात्र तिनं सोडलं नाही. ऑफिसचं जुनं काम आहे, एवढंच मी सांगितलं. "रिटायर होऊन तीन वर्षं झाली," ती म्हणाली, "आणि ऑफिसला आत्ता तुमची आठवण आली होय? तेही बाईच्या आवाजात?" चेष्टा होती, पण तिचे डोळे माझ्यावर होते. मला दिसत नव्हते, तरी मला ते कळत होतं. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं येतं. मी गॉगल लावून पलंगावर आडवा झालो आणि ती खोली, जिच्या दारावर पाटी नव्हती, सगळीच्या सगळी माझ्याभोवती येऊन उभी राहिली: लोखंडी कपाट, हिरवं टेबल, एक पाय आखूड असलेली खुर्ची, आणि खिडकीत मेजरसाहेबांची पाठ.

लष्कराच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, जिथं जिना संपतो आणि पुढं जायला कारण उरत नाही, तिथं आमची खोली होती. आकाशात कुणाला न ओळखता येणारा प्रकाश दिसला, त्यानं पोलिसांत कळवलं, की पोलीस तो कागद आमच्याकडे ढकलत. मग मेजरसाहेबांनी आणि मी तिथं जायचं, जबानी घ्यायची, तो प्रकाश कशाचा ते ठरवायचं आणि फाईल बंद करायची. साहेब ठरवत, मी लिहीत असे. कँटीनमध्ये आम्हाला तारेवाले म्हणत. वरून पाहुणे आले का, असं चहा देणारा रोज विचारी, आणि मी रोज म्हणे, आलेत, पण साखर कमी लागते त्यांना. तसं बघितलं तर गमतीचं काम होतं. एका निवृत्त न्यायाधीशानं नऊ पानी जबानी दिली होती आणि शेवटी तो दिवा समोरच्या कारखान्याच्या चिमणीवरचा निघाला. एका न्हाव्याला त्याच्याच आरशातला दिवा काचेपलीकडं तरंगताना दिसला होता. एकाला सात प्रकाश दिसले, ओळीनं, आणि त्याच्या एका फॉर्मवर सातांचे रंग, सातांच्या दिशा, सातांच्या वेळा असा काही गोंधळ झाला की वरच्या ऑफिसनं तो फॉर्म परत पाठवला आणि सोबत नवा नियम पाठवला: एका प्रकाशाला एक फॉर्म. ते सात दिवे बंदरातल्या क्रेनचे होते, पण नियम राहिला. मला तो नियम आवडायचा, खोटं कशाला बोलू. फॉर्मवर बावीस प्रश्न होते, रंग, आकार, वेळ, आवाज आला का, हलत होता का, आणि दिशेसाठी आठ चौकोन. एका प्रकाशाचं सगळं लिहून झालं, सही झाली, की पान उलटायचं. दुसऱ्याबद्दल साक्षीदार मध्येच बोलायला लागला तर मी हात वर करून म्हणायचो, दुसऱ्याचं दुसऱ्या फॉर्मवर. इतक्यांदा म्हटलं ते, की आता तोंडाला वळणच पडलंय.

टाकी शहराच्या टोकाला एका टेकडीवर होती. आम्ही गेलो त्या सकाळी धुकं इतकं होतं की पन्नास पायऱ्या चढून वर गेलो तरी खालचं शहरही दिसेना आणि पलीकडचे डोंगरही. प्रकाश दिसून तीन दिवस झाले होते. तिथली खोली लहान, ओली, पाणी साफ करायच्या पावडरीचा वास नाकात जाणारा. भिंतीवर दाबाचा काटा आणि मधोमध लोखंडी चाक. बाई पन्नाशीची, ठेंगणी, हात पुरुषासारखे. रोज संध्याकाळी सहा पन्नासला ती हे चाक फिरवून शहराच्या पश्चिम भागाला पाणी सोडत असे, त्यामुळं तिची वेळ पक्की होती, आणि अशी वेळेची पक्की साक्षीदार आम्हाला वर्षा-दोन वर्षांत एखादी मिळायची. चाक फिरवताना दारातून तिला डोंगरांच्या बाजूला लाल प्रकाश वर जाताना दिसला, थोडा वेळ थांबला, मग हळूहळू खाली आला. "आणि मग दहा मिनिटांनी," ती म्हणाली, आणि मी हात वर केला. तिनं तोंड मिटलं. ते मिटलेलं तोंड मला दिसतं अजून. पहिला फॉर्म पुरा झाला. जागा कुठं, असं विचारल्यावर ती म्हणाली, दोन डोंगरांच्या मधल्या खिंडीत, डावीकडं. मी पश्चिमेच्या चौकोनात फुली मारली. मग सही, मग दुसरा फॉर्म. लाल प्रकाश, वेळ सातच्या सुमाराला, पश्चिमेच्या चौकोनात फुली. मेजरसाहेबांनी पहिला फॉर्म हातात घेऊन सांगितलं, हा शुक्र; त्या संध्याकाळी तो पश्चिमेला होता आणि क्षितिजाजवळ हवेमुळं लाल दिसतो, वर-खाली झाल्यासारखा वाटतो. दुसरा हातात घेऊन सांगितलं, हे विमान. ती म्हणाली, मी काही शुक्र ओळखत नाही साहेब, माझी नजर जन्मभर या काट्यावर, पण हे तसं नव्हतं. त्यावर साहेब हसून म्हणाले, आठ वर्षांनी याच तारखेला तो याच जागी येतो, तेव्हा बघा म्हणजे पटेल. चेष्टाच होती ती. साहेब वाईट माणूस नव्हते. उतरताना पायऱ्या ओल्या होत्या तर त्यांनी मला दंडाला धरून उतरवलं.

त्यानंतर सोळा दिवसांनी, म्हणजे ते प्रकाश दिसल्यापासून एकोणिसाव्या दिवशी, आमच्याच नकाशा विभागाची तीन माणसं त्या खिंडीखालच्या दरीत सापडली, उपासानं आणि थंडीनं मेलेली. मोजणीला गेली होती. जीप घसरून दरीत गेली, वायरलेस फुटला, शिधा ओढ्यात गेला, एकाची मांडी मोडली, एकाच्या छातीला मार बसला, तिसरा तेव्हा धड होता. दहा दिवसांचा शिधा घेऊन गेलेली तुकडी, त्यामुळं दहा दिवस कुणी विचारलंच नाही, आणि विचारलं तेव्हा धुक्यामुळं विमान उडेना. त्या चौकशीचा टायपिस्ट रजेवर होता म्हणून कागद माझ्या टेबलावर आले. सापडलेल्या वस्तूंची यादी मी टाईप केली: कंपास एक, दोरी एक, बूट पाच, इशाऱ्याचा दिवा उडवायची रिकामी नळी, लाल, दोन. दोन टाईप करताना माझं बोट कळीवर राहिलं. आमच्या लष्करी शाळेत पहिल्या आठवड्यात शिकवतात, लाल इशारा, दहा मिनिटांच्या अंतरानं दोनदा, म्हणजे माणसं जिवंत आहेत, या. एकदा उडालेला लाल दिवा काहीही असू शकतो, पण दोन मिळून एकच गोष्ट असते, आणि ती मला माहीत होती, साहेबांना माहीत होती, आणि ते दोन फॉर्म आमच्याच कपाटात दोन वेगवेगळ्या फायलींत होते, एक ग्रहांच्या आणि एक विमानांच्या. माझ्याच अक्षरात. आम्ही टाकीवर चहा पीत होतो तेव्हा ती तिघं जिवंत होती.

वहीही होती. खिशात मावेल एवढी, पुढच्या पानांवर मोजणीचे आकडे, मग आकडे थांबून अक्षरं सुरू होतात. धड असलेल्याची वही. ती मी टाईप केली, त्यामुळं ती मला पाठ आहे. मी पाठ केलेली नाही, ती राहिली. "संध्याकाळी दोन्ही उडवले. दुसऱ्यानंतर लगेच टाकीवरचा मोठा दिवा दोनदा विझून पेटला. पाहिलं आपल्याला. आता जागेवरून हलायचं नाही." दुसऱ्या दिवशी: "धुकं. पण त्यांना जागा माहीत आहे." चौथ्या दिवशी: "खालच्या वस्तीवर चार तासांत पोचेन, मी जातो म्हटलं. आमचा प्रमुख नको म्हणाला. पाहिलंय आपल्याला, वाटेत चुकामूक होईल." सातव्या दिवशी फक्त: "येतील." आठव्या दिवसापासून पानं कोरी. मी ते दोन्ही फॉर्म आणि ही वही घेऊन साहेबांसमोर उभा राहिलो. त्यांनी सगळं वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला. "आपण कुठं चुकलो ते सांगा," ते म्हणाले, आणि ते मला खरंच विचारत होते. दोन्ही फॉर्म एकत्र वाचले असते तर, मी म्हटलं. "एकत्र वाचायचे नसतातच," ते म्हणाले. "म्हणून तर दोन आहेत." मग खिडकीशी जाऊन उभे राहिले. दिव्याचं काय, मी विचारलं. "वीज गेली असेल क्षणभर. नाहीतर मरणाच्या दारातल्या माणसाला काहीही दिसतं." त्यांनी फॉर्म परत दिले. मी ते जिथल्या तिथं लावले, एक ग्रहांत, एक विमानांत. कुणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. एवढं एक मी कुणाच्या नावावर टाकू शकत नाही.

बुधवारी संध्याकाळी मी हे सगळं बायकोला सांगितलं. आठ वर्षांत पहिल्यांदा. ती कपड्यांच्या घड्या करत होती, करत राहिली, पण एकाच टॉवेलची तिनं तीनदा घडी केली. "म्हणजे झोपेत बडबडता ते हे होय," ती म्हणाली. "दुसऱ्याचं दुसऱ्या फॉर्मवर. मला वाटायचं ऑफिसात कुणी बाई आहे आणि तिचं नाव घ्यायला भिता." मी हसलो नाही, तीही नाही. मी तिला म्हटलं, उद्या जाऊन सांगतो टाकीवालीला, तू पाहिलंस ते खरं होतं, शुक्र नव्हता. "आणि तिघं मेली तेही?" तेही. तिनं टॉवेल बाजूला ठेवला. "तुम्हाला मोकळं व्हायचंय," ती म्हणाली. "तिचं काय मग? आठ वर्षं तिला वेडी म्हणताहेत लोक, आणि तुम्ही जाऊन म्हणणार, वेडी नाहीस गं बाई, फक्त तुझं कुणी ऐकलं नाही म्हणून तिघं गेली." मग वेडी राहू दे का तिला, मी चिडून म्हटलं. "मी कुठं तसं म्हटलं? सांगा. पण तुमच्यासाठी सांगू नका. तिच्यासाठी सांगा." हे बोलायला सोपं आहे. दोन्ही वेगळं कसं करायचं ते तिनं सांगितलं नाही, आणि तिलाही ते माहीत नसणार.

गुरुवारी बसनं गेलो. बायको येते म्हणाली, मी नको म्हटलं. पायऱ्या पन्नासच होत्या, मी मोजल्या, पण मधे तीनदा थांबावं लागलं. बाई वर दारात उभी होती, केस सगळे पांढरे, हात तेच. तिनं स्टूल पुसून दिलं, चहा दिला, आणि मी काही विचारायच्या आत बोलायला लागली. "तुमचा कागद आमच्या पाणीखात्यात आला ना, त्यावर लिहिलेलं, साक्षीदाराचा गैरसमज. मग काय, सगळ्यांची करमणूक झाली. पाण्याचा दाब कमी पडला तरी म्हणायचे, बाई आकाशात बघत बसली असेल. दोनदा डॉक्टरकडं पाठवलं. त्यानं विचारलं, कानात आवाज येतात का. म्हटलं, येतो की, पाण्याचा, बावीस वर्षं येतोय. तर त्यानं ते लिहून घेतलं." ती हे हसत सांगत होती. "घरी मुलगा शुक्राबाई म्हणतो. सुनेसमोर म्हणतो, ते लागतं जरा." मी कप खाली ठेवला. "तसं काही नाही," ती म्हणाली, "पण साहेब, माणसाला आपल्या डोळ्यांवर तरी भरवसा पाहिजे. नाहीतर मी काटा कुठल्या भरवशावर वाचायचा?"

सहा पन्नासला तिनं चाक फिरवलं. सगळी खोली खालून थरथरली, पाणी गेलं. मग आम्ही बाहेर कठड्याशी आलो. टाकीवरचा मोठा दिवा आमच्या मागे, डोक्यावर केव्हाच लागला होता, आमच्या दोघांच्या सावल्या उतारावर लांब पडल्या होत्या. समोर डोंगर. मला ते एक काळी पट्टी म्हणून दिसत होते, वर जरा उजेड. "तो बघा आला," ती म्हणाली. मी बघितलं. मला तीन ठिकाणी काहीतरी पांढरं दिसलं आणि तिन्ही हलत होती. "मला दिसत नाही," मी म्हटलं. "तुम्ही सांगा." ती माझ्याकडे बघत राहिली असावी. मग म्हणाली, "पांढरा आहे, स्वच्छ. उजवीकडच्या डोंगराच्याही उजवीकडं, वर, हात उंच करावा लागतो एवढा वर. आणि मी पाहिलं ते तिथं, खाली डावीकडं, खिंडीत. मध्ये सबंध डोंगर आहे साहेब." तिच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. पिशवीत चष्मा सापडल्यावर माणूस बोलतो तसं ती बोलली. "म्हणजे शुक्र नव्हता," ती म्हणाली. नव्हता, मी म्हटलं.

आणि सवयीनं माझा हात खिशात गेला. पेन होतं, दवाखान्याच्या चिठ्ठीची मागची बाजू कोरी होती. मी तिला म्हटलं, बाई, आता मला सगळं सांगा, पहिल्यापासून, न थांबता. मी थांबवणार नाही. ती सांगू लागली आणि मी मोठ्या अक्षरांत लिहीत गेलो, ओळी एकमेकींवर चढत होत्या तरी. चाक, दार, लाल प्रकाश, वर गेला, थांबला, उतरला. तिनं काटा बघितला, परत दारात आली, दहा मिनिटं झाली असतील, आणि पुन्हा तसाच, त्याच जागी. ती थांबली. तिथं बावीस प्रश्न संपत होते. तेविसावा फॉर्मवर नव्हता, कुणाच्या डोक्यातच आला नसावा, आणि मी तो का विचारला हे मला सांगता येणार नाही. कदाचित ती अजून संपली नाही हे मला तिच्या श्वासावरून कळलं. "मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"ते तुम्ही तेव्हा विचारलं नाहीत," ती म्हणाली. "आणि मी आपणहून सांगणार नव्हते. विमानांसाठीचा दिवा आहे तो, त्याला हात लावायची परवानगी नाही, नोकरी गेली असती. त्यात तुम्ही दोघं वर्दीतले." तिनं मागे मान वळवून दिव्याकडं बघितलं. "मला वाटलं कुणीतरी हाक मारतंय. दोनदा मारतंय. आता कुणी दोनदा हाक मारली तर माणूस ओ देतो की नाही? मी आत गेले आणि दिवा दोनदा बंद करून चालू केला. म्हटलं, जे कोण असेल त्याला कळू दे, कुणीतरी बघितलंय. मग पोलिसांत गेले. पण पोलिसांत दिव्याचं बोलले नाही."

मी लिहायचं थांबलो. पाहिलं आपल्याला, आता जागेवरून हलायचं नाही. वीज गेली नव्हती आणि मरणाच्या दारात कुणाला काही भास झाला नव्हता; ही ठेंगणी बाई खोलीत जाऊन बटण दाबून आली होती, कारण हाकेला ओ द्यायची असते. तो धड असलेला, चार तासांत वस्तीवर पोचला असता तो, हिच्या शब्दावर थांबला होता. आठ वर्षं मी ज्या दिव्यानं झोपेतून उठत होतो तो विझवून पेटवणारी माझ्याजवळ एक हातावर उभी होती आणि कसल्याशा अपेक्षेनं माझ्याकडे बघत होती. मी सांगायला आलो होतो ते माझ्या घशात होतं, अगदी तयार, बसमध्ये दोनदा म्हणूनही पाहिलेलं. ते आता सांगायचं म्हणजे तिच्या हातात काय द्यायचं ते मला दिसलं, आणि मला, ज्याला शुक्रही दिसत नव्हता, ते फार स्वच्छ दिसलं.

"कुणी होतं का हो तिथं?" तिनं विचारलं. होतं, मी म्हटलं. मोजणीवाले, जीप घसरली होती. "दिवा दिसला त्यांना?" दिसला. वहीत लिहिलंय त्यांच्या. तिनं कठडा धरला. "मग?" मग सापडले, मी म्हटलं. "जिवंत?" जिवंत, मी म्हटलं, तिघंही. "तिघं होते," ती स्वतःशीच म्हणाली. एकाची मांडी मोडली होती, मी म्हटलं, पण चालतो आता, जरा लंगडतो. हे मी कुठून काढलं माहीत नाही. मी जन्मभर दुसऱ्यांच्या जबान्या लिहिल्या, आणि अशी बिनचूक, तपशीलवार जबानी मला कुणी दिली नव्हती. ती पायरीवर बसली. रडत होती, पण आवाज न करता, तोंडावर हात ठेवून, आणि मग हात काढून म्हणाली, "एवढं सांगायला आठ वर्षं लावलीत? एक फोन करायचा होता. नंबर होता ना तुमच्याकडे." होता, मी म्हटलं. "किती रागावू मी तुमच्यावर," ती म्हणाली, आणि डोळे पुसून हसली.

मग उठली. "तुम्हाला सांगते, कुणाला बोलू नका आता रिटायर होताना," ती म्हणाली. "त्या दिवसापासून मी रोज करते. पाणी सोडून दहा मिनिटांनी, दोनदा. म्हटलं, कुणी अजून तिथं बसलं असेल तर त्याला कळू दे. वेडेपणाच होता. मला धास्ती लागली होती, मी गेल्यावर नवा माणूस हे थोडंच करणार. आता करायची गरज नाही." आत जाता जाता दारात वळली. "आज मात्र करते. शेवटचं. तुम्ही इथंच थांबा, डोंगराकडं तोंड करून. मला कधी बाहेरून बघायला मिळालं नाही, कसं दिसतं ते सांगा."

मी डोंगराकडं तोंड करून उभा राहिलो. आतून बटणाचा आवाज आला आणि माझी सावली गेली. कठडा गेला, हात गेले, समोर फक्त ती काळी पट्टी राहिली आणि तिच्या खाली डावीकडं, खिंड असेल तिथं, काही नव्हतं. मग उजेड आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. माझी सावली उतारावर होती तिथंच परत पडली. "दिसलं?" ती आतून ओरडली. दिसलं, मी म्हटलं. ती बाहेर आली, दाराला कुलूप घातलं, कसं दिसतं ते विचारायचं विसरली. "चला साहेब, खाली बस येईल एवढ्यात," ती म्हणाली, "आणि या पायऱ्या तुम्हाला दिसायच्या नाहीत, माझा हात धरा." मी हो म्हटलं. चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. ती पहिल्या पायरीवर हात पुढं करून थांबली होती, खालच्या वळणावर बसचा हॉर्न वाजला, आणि मला जागेवरून हलता येईना.